जवळचा आवाज

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, हनुवटी खाजवल्यासारखं करून तोंड कॉलरजवळ नेलं आणि हळूच म्हणाले, "पांढरी, मोठी. कान."

सिग्नल हिरवा झाला. पांढरी मोठी गाडी इतर गाड्यांबरोबर पुढे सरकली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. तिथे, सिग्नलवरून दिसणार नाही अशा जागी, पैलवान उभा होता. थोड्या वेळाने मास्तरांच्या कानात बसवलेल्या बोंडातून त्याचा बारीक आवाज आला.

"सापडली. फोन नव्हता म्हणतायत. दाढ दुखते म्हणून हात लावला होता."

मास्तरांना हसू आलं, पण त्यांनी ते वर्तमानपत्रात लपवलं. बसथांब्यावर एकटाच हसणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

मास्तर कधीच मास्तर नव्हते. त्यांची सगळी नोकरी वाहतूक पोलिसांत गेली होती. पण जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी आणि रस्ता ओलांडतानासुद्धा कुणाची तरी परवानगी मागितल्यासारखी चाल, यामुळे खात्यात हेच नाव पडलं. गणवेश त्यांना कधी शोभला नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका साहेबांनी त्यांना चौकात पाहून विचारलं होतं, की तुम्ही शिट्टी मारता आहात की माफी मागता आहात. पुढे गाडी चालवताना हातात फोन धरणाऱ्यांना पकडण्याची मोहीम निघाली, तेव्हा नव्या साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि मास्तरांपुढे येऊन ते थांबले. म्हणाले, हे तर पोलीस वाटतच नाहीत, मला हेच हवेत. इतक्या वर्षांत मास्तरांच्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. ते कौतुकच होतं ना, हे मात्र त्यांचं अजून नक्की ठरत नव्हतं.

काम दोघांचं होतं. गणवेशातला पोलीस दिसला की फोन पटापट मांड्यांखाली जातात, म्हणून बघणारा साध्या कपड्यांत सिग्नलपाशी आणि थांबवणारा वळणापलीकडे. बघणाऱ्याने तीन शब्दांत सांगायचं. गाडीचा रंग, गाडीचा आकार आणि फोन कुठे होता ते. कान म्हणजे कानाला लावलेला. मांडी म्हणजे खाली ठेवून वाचत असलेला. आणि ओठ म्हणजे तोंडापुढे, चावा घेण्याआधी बिस्किट धरावं तसा आडवा धरलेला. ओठवाले सगळ्यांत जास्त भांडत. स्पीकरवर होता, कानाला कुठे लावला होता, असं त्यांचं म्हणणं. पैलवान त्यांचं सगळं ऐकून घेई. अंगाने तो दार अडवेल असा होता, पण आवाज मांजराच्या पिल्लाचा, आणि बोलणं साखरेत घोळलेलं. "दादा," तो म्हणे, "स्पीकरबद्दल माझी तक्रारच नाही. तुमचा हात कुठे होता तेवढं सांगा." आणि बोलता बोलता पावती फाडे.

या कामाबद्दल बाहेर कुठे बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही, अशी साहेबांची ताकीद होती. मास्तरांच्या घरी तसं सांगायला होतंच कोण? बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. राहता राहिली मुलगी. ती सासरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिला त्यांनी सांगितलं होतं, की हल्ली गाड्या मोजायचं काम दिलं आहे.

"मोजून काय करता, बाबा?" तिने विचारलं होतं.

"वर पाठवतो."

"आणि वरचे काय करतात?"

"ते पुन्हा मोजत असतील," मास्तर म्हणाले होते, आणि ती पोटभर हसली होती.

ती हसली की मास्तरांची संध्याकाळ चांगली जाई. ती एका कापड गिरणीत रंग जुळवण्याच्या खात्यात होती. गिरणी सुटली की घरी पोचेपर्यंत गाडीतून तिचा फोन ठरलेला. घरात पाऊल टाकलं की मुलाचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, नवऱ्याचं हरवलेलं काहीतरी. "घरी पोचले की मी सगळ्यांची," ती म्हणायची. "गाडीत आहे तोवर तुमची." त्या वेळी मास्तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी फोन समोर ठेवून भाजी निवडत बसत. फोन आला की निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकमेकांत मिसळून जाई आणि नंतर सगळं पहिल्यापासून करावं लागे. त्यांची काही तक्रार नव्हती.

नव्या कामावर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाजारातून फोन अडकवायचा एक स्टँड आणला आणि तिला दिला. गाडीत पुढे बसव, म्हणजे हात मोकळे राहतात, एवढंच सांगितलं. तिने तो त्याच दिवशी बसवला. संध्याकाळी फोन आला तेव्हा तिचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. मध्ये इंजिनाची घरघर, रस्त्याचा गोंगाट, आणि त्यात बुडणारे अर्धेमुर्धे शब्द.

"काय? काय म्हणालीस?" मास्तर विचारत राहिले. ती मोठ्याने बोलली, मग आणखी मोठ्याने. दुसऱ्या दिवशीही तेच. तुझ्या गाडीचं इंजिन फार आवाज करतं, दाखवून घे, असं मास्तर म्हणाले. तिसऱ्या दिवशी मात्र तिचा आवाज अगदी कानाशी आला. श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"आता येतंय का ऐकू?"

"आता छान येतंय," मास्तर म्हणाले.

गाडी वळली की तो आवाज थोडा हलायचा. ती गिअर बदलताना क्षणभर लांब जायचा आणि पुन्हा जवळ यायचा. दिवसभर हेच बघत उभ्या राहणाऱ्या माणसाला ते कळायला काचेतून डोकावावं लागत नव्हतं. पण मास्तरांनी तिला काही विचारलं नाही. उद्या विचारू, असं ते रोज भाजी निवडून झाल्यावर ठरवत.

दाढवाला सापडला त्या दिवशी पैलवानाने सकाळीच बातमी आणली, की आज संध्याकाळपर्यंत उभं राहायचं आहे आणि जागाही नवी आहे. खरी गर्दी कचेऱ्या सुटल्यावर असते, हे साहेबांना कुणीतरी वरून सांगितलं होतं. जागेचं नाव मास्तरांनी दोनदा विचारून घेतलं. मुलगी याच रस्त्याने घरी जायची.

दुपारी जेवणाचा डबा उघडून ते बराच वेळ नुसतेच बसले. तिला कळवावं, आज दुसऱ्या रस्त्याने जा. किंवा निदान, आज फोन करू नकोस. त्यांनी फोन काढून दोन शब्द लिहिलेही. मग वाटलं, कामावर असताना ती बघायची नाही. बघेल ती गाडीत बसल्यावरच. म्हणजे चालवताना. त्यांनी लिहिलेलं पुसलं आणि फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"डबा गार झाला मास्तर," पैलवान म्हणाला. "कुणी रुसलंय का?"

"माझ्यावर कोण रुसणार?"

"मग खा. रिकाम्या पोटी माणसाला शेवाळी गाडी राखाडी दिसते."

हा टोमणा जुना होता. मोहिमेच्या सुरुवातीला मास्तरांनी एका शेवाळी गाडीला राखाडी म्हटलं आणि पैलवानाने भलत्याच माणसाला थांबवलं. पैलवान ते विसरत नव्हता. तेव्हापासून मास्तर रंगांच्या बाबतीत फार जपून असत. मुलीनेच त्यांना शिकवलं होतं. तिने गाडी घेतली तेव्हा ते म्हणाले होते, राखाडी रंग बरा, मळ दिसत नाही. त्यावर ती कपाळाला हात लावून म्हणाली होती, की बाबा, ही राखाडी नाही, शेवाळी आहे, जरा उन्हात बघा.

संध्याकाळी उतरत्या उन्हात सगळ्याच गाड्यांचे रंग खरे दिसत होते. मास्तर बसथांब्यावर एका खांबाशेजारी उभे होते. खांद्याला पिशवी, हातात वर्तमानपत्र. बस येत, लोक चढत, मास्तर पुढच्या बसची वाट बघितल्यासारखं करत. तासाभरात त्यांनी कान, मांडी, पुन्हा मांडी असं सांगितलं होतं. एकीकडे ती दुसऱ्या रस्त्याने गेली असेल असं ते मनाशी घोकत होते, आणि दुसरीकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीचा रंग बघत होते.

सिग्नल लाल झाला. गाड्या थांबल्या. मधल्या रांगेत ती शेवाळी गाडी होती.

मास्तरांनी आधी गाडी पाहिली, मग तिला. स्टँड समोर काचेपाशी होता, रिकामा. तिच्या उजव्या हातात फोन होता, ओठांपुढे आडवा धरलेला. त्याच वेळी मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांचा फोन थरथरू लागला.

त्यांनी वर्तमानपत्र उघडून चेहऱ्यासमोर धरलं आणि कडेने पाहिलं. ती फोन करताना कशी दिसते, हे त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. समोरून कुणी बोलण्याआधीच तिच्या चेहऱ्यावर हसू आलेलं होतं. भुवया जरा वर, मान किंचित थांब्याच्या बाजूला. फोनवरची माणसं अशीच कुठेही बघतात, बघत मात्र नसतात, हे मास्तरांना कामामुळे माहीत झालं होतं. खिशातला फोन छातीवर थरथरत राहिला. उचलला असता तर तिचा आवाज त्यांच्या अगदी कानाशी आला असता.

"मास्तर," कानातल्या बोंडातून पैलवान म्हणाला, "बराच वेळ काही नाही. झोपलात का?"

राखाडी म्हटलं असतं तरी भागलं असतं. पैलवान राखाडी गाडी शोधत राहिला असता, शेवाळी त्याच्यासमोरून निघून गेली असती, आणि पुढे फार तर चेष्टा झाली असती. फोन थरथरायचा थांबला. तिने तो ओठांपासून दूर नेऊन पाहिला, अंगठ्याने काहीतरी दाबलं आणि पुन्हा ओठांपुढे धरला. खिसा पुन्हा थरथरू लागला. सिग्नल हिरवा झाला. ती एका हाताने चाक फिरवत निघाली. शेजारच्या रांगेतली दुचाकी तिच्या दारापासून वीतभर अंतरावरून गेली आणि तिला ती दिसली नाही.

मास्तरांनी तोंड कॉलरजवळ नेलं.

"शेवाळी, लहान," ते म्हणाले. तिसरा शब्द राहिला म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "शेवाळी, लहान. ओठ."

खिशातली थरथर थोड्याच वेळात मध्येच थांबली.

काम संपल्यावर दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला थांबले. पैलवान दिवसभराची माणसं एकेक करून सांगत होता. एकाने ओळख सांगितली, एकाने साहेबांचा नंबर मागितला, दाढवाल्याला त्याने सल्ला दिला होता की फोन दाढेला लावायचाच असला तर निदान बंद करून लावा.

"शेवाळीतल्या ताई मात्र भांडल्या नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही रंग बरोबर सांगितलात आज."

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग उचलला.

"काय म्हणाल्या?"

"मी विचारलं, कुणाशी एवढं महत्त्वाचं होतं? तर म्हणे, बाबांना लावत होते, ते उचलत नव्हते. मी म्हटलं, ताई, समोर स्टँड आहे, मग हातात का? तर म्हणाल्या, बाबांना त्यातून ऐकू येत नाही. इंजिनाला दोष देतात. इंजिन दोनदा दाखवून आणलं, म्हणे." पैलवान हसला. "खरं तर पावती त्या बाबांच्या नावाने फाडायला हवी होती."

"हो," मास्तर म्हणाले.

"सोडून द्यावंसं वाटलं क्षणभर. चेहरा पडला होता हो. पण आज सोडली तर उद्या परत हातातच. नाही का?"

"बरोबर केलंस," मास्तर म्हणाले, आणि चहाचे पैसे द्यायचे विसरून चालायला लागले. पैलवानाने त्यांच्या पाठीकडे जरा वेळ पाहिलं आणि स्वतःच दिले.

त्या संध्याकाळी मास्तरांनी घरी येऊन तिचे आलेले आणि न उचललेले फोन नुसते पाहिले. उलट फोन करावा, तर ती अजून वाटेत असेल. नंतर करावा, तर ती सगळ्यांची झालेली असेल. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. त्या दिवसांत भाजी अगदी नीट निवडून झाली, आणि भाजी निवडायला इतका कमी वेळ लागतो हे मास्तरांना नव्याने कळलं.

मग एका संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा," आवाज आला, विहिरीच्या तळातून. "ऐकू येतंय का?"

मास्तर उठले. त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, नळ थेंब थेंब गळत होता तो घट्ट पिळला, आणि फोन कानावर दाबून खुर्चीवर बसले.

"येतंय. बोल."

ती बोलू लागली. मुलाची शाळा आली, मग घरघर. सासूबाई आल्या, मग कुणाचा तरी भोंगा. "त्या दिवशी ना, मी तुम्हाला..." असं स्पष्ट आलं आणि पुढचं सगळं एका ट्रकखाली गेलं. मास्तरांच्या जिभेवर 'काय?' आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"ऐकताय ना? की हातात घेऊ फोन?"

"नको, नको," मास्तर घाईने म्हणाले. "स्पष्ट येतंय. एकेक शब्द कळतोय."

"खरंच?"

"इंजिन सुधारलं वाटतं तुझं."

ती काहीतरी म्हणाली. बहुतेक हसली. मग ती बोलत राहिली, आणि आवाज थांबला की मास्तर "हं" म्हणत राहिले. पुष्कळसे "हं" योग्य जागी पडले असावेत. शेवटी तिने काहीतरी विचारलं. वाक्याचा शेवट वर गेला म्हणून त्यांना तो प्रश्न वाटला. रविवार हा शब्द त्यात होता. ती उत्तरासाठी थांबली.

"हो," मास्तर म्हणाले.

पलीकडे नुसती वळणाच्या दिव्याची टिकटिक.

"नक्की?"

"हो म्हटलं ना."

रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली तेव्हा मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीला निघाले होते. दारात मुलगी उभी होती, हातात गाडीची किल्ली.

"हे काय? तयार नाही? तुम्हीच हो म्हणालात."

मास्तरांनी कुठे जायचंय ते विचारलं नाही. आलोच, म्हणाले आणि भराभर आवरून चांगला सदरा घालून आले. कुठे जायचंय हे माहीत नसलेल्या माणसाला शक्य तितक्या बेताने त्यांनी पिशवी भरली. छत्री घेतली, शाल घेतली, घालायचा सदरा नीट नसला तर म्हणून आणखी एक घेतला.

"गावाला निघालात का?" तिने पिशवीकडे बघून विचारलं.

"असू दे."

गाडी सुरू झाली. फोन स्टँडमध्ये होता, गप्प. तिने पट्टा लावला, त्यांनाही लावायला सांगितला.

"एक सांगू? कानाच्या डॉक्टरांकडे यायला तुम्ही एका शब्दात हो म्हणाल असं मला वाटलंच नव्हतं. मी भांडायची सगळी तयारी करून बसले होते."

मास्तरांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "त्यात भांडायचं काय," ते म्हणाले.

ती बोलत राहिली. तिचा आवाज शेजारच्या जागेवरून येत होता, कुठल्याही यंत्रातून न येता. एकही शब्द गळत नव्हता. मास्तरांना वाटलं, डॉक्टरांकडचा रस्ता जरा लांब असला तर बरं. मग समोर सिग्नल आला. लाल होता. त्यांच्या डाव्या हाताला खांब, बसथांबा, आणि थांब्यावर आज भलतीच माणसं.

"इथेच ती भानगड झाली," मुलगी म्हणाली. "म्हणजे इथे नाही, पुढे वळल्यावर. फोन हातात होता म्हणून पकडलं मला. हा एवढा पोलीस, आणि आवाज मांजराच्या पिल्लासारखा. ताई ताई करत पावती फाडली. त्या दिवशी फोनवर सांगितलं ना मी सगळं."

"हो. सांगितलंस."

"मला अजून हसू येतं. घरी सोडते म्हणून फोन केला, तर ज्यांना सोडायचं त्यांना पत्ताच नाही. लांबूनच दिसला होतात तुम्ही थांब्यावर. तीच पिशवी, तोच पेपर. म्हटलं, बाबा बसची वाट बघतायत. काच खाली करून हाक मारली असती, पण तुमच्या कानापर्यंत पोचली असती थोडीच? म्हणून फोन लावला, मी तुमच्याकडे बघतेय, हसतेय, आणि तुम्ही पेपर आणखी वर घेतलात. काय होतं हो एवढं त्या पेपरात?"

मास्तरांनी थांब्याकडे पाहिलं. खांबाशी एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती आणि येणाऱ्या गाड्यांकडे बघत होती.

"विशेष काही नव्हतं," ते म्हणाले.

"बस तरी मिळाली का मग?"

सिग्नल हिरवा झाला. तिचे दोन्ही हात चाकावर होते.

"मिळाली," मास्तर म्हणाले. आणि तिने विचारलं नसतानाही पुढे म्हणाले, "बसायला जागासुद्धा मिळाली."